लिव्हर ॲक्शन रायफल, घरी भरलेली काडतुसं आणि दर चौथ्या-पाचव्या राऊंडला अडणारा लिव्हर

तीन महिने या प्रॉब्लेमने माझं डोकं खाल्लं म्हणून सविस्तर लिहितोय, दुसऱ्या कोणाची एक तरी शनिवार सकाळ वाचेल. मी टेक्सासमध्ये असतो, ग्रीन कार्ड आल्यावर दोन वर्षांनी हा छंद सुरू केला. (जे अजून वर्क व्हिसावर आहेत त्यांनी आधी वकिलाला विचारा, तिथे नियम वेगळे आहेत. आणि भारतातून वाचणाऱ्यांसाठी, तिकडे परवान्याशिवाय घरी काडतूस भरणं हा आर्म्स ॲक्ट १९५९ खाली सरळ गुन्हा आहे, त्यामुळे हे फक्त माहिती म्हणून वाचा.)

रायफल म्हणजे विंचेस्टरच्या १८९२ च्या पॅटर्नची नवी कोरी कॉपी, लिव्हर ॲक्शन (खालचा दांडा पुढे-मागे केला की काडतूस भरलं जातं), .३५७ मॅग्नम, २० इंची नळी, खाली ट्यूब मॅगझिन (लांब नळकांडं, त्यात काडतुसं एकामागे एक), १० राऊंड बसतात. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण शेवटी दोष तिचा निघालाच नाही. काडतुसं माझी स्वतःची, गॅरेजमध्ये भरलेली, १५८ ग्रेनची शिशाची सेमी-वॉडकटर गोळी, रेंजवर वेचलेल्या पुंगळ्या (काडतुसाची रिकामी पितळी कवचं). हीच काडतुसं माझ्या रिव्हॉल्व्हरमधून वर्षभर मस्त चालत होती. त्यामुळे पहिल्या दिवशी रेंजवर गेलो ते फुल कॉन्फिडन्समध्ये, पहिले तीन बार झकास, चौथ्याला लिव्हर निम्म्यावर अडला. कसंबसं मोकळं केलं. पुढचे दोन झाले, परत अडला, पण या वेळी वेगळ्याच जागी. शेजारच्या लेनवरचे आजोबा हसून म्हणाले, "टायमिंग गेलंय, परत कर." आणि इथूनच माझी फरफट सुरू झाली.

मी काय काय केलं ते सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. आधी कॅरियर घासून गुळगुळीत केला, म्हणजे तो चमच्यासारखा भाग जो खालून काडतूस वर उचलतो. फरक शून्य. मग मॅगझिनची स्प्रिंग कडक आहे असं वाटून ती दोन वेटोळी कापायला निघालो होतो, नशीब बायकोने पक्कड सापडू दिली नाही. मग रायफल एका गनस्मिथकडे दिली, त्याने आठवडाभर ठेवून फॅक्टरीची २० काडतुसं चालवली आणि एकदाही अडली नाही म्हणून परत दिली, वर पैसेही घेतले. तेव्हा मी त्याच्यावर चिडलो होतो. पण खरं उत्तर त्या २० काडतुसांतच होतं आणि मी ते ऐकलं नाही. फॅक्टरीचं चपट्या नाकाचं काडतूस बिनबोभाट चालतंय आणि माझं अडतंय म्हणजे बोंब माझ्या बेंचवर आहे, इतकं साधं. ही टेस्ट मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती, एक बॉक्स विकत घ्यायचा कंजूसपणा केला.

आमचे बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेत, इन्स्पेक्शनला होते. १८६९ ची फॅक्टरी ती, आणि बाबांची शिस्तही साधारण तेवढीच जुनी. त्यांना माझा हा उद्योग फारसा पसंत नाही पण व्हिडिओ कॉलवर विषय निघालाच. मी पंधरा मिनिटं कॅरियर, स्प्रिंग, टायमिंग असं काय काय सांगितलं, ते शांतपणे ऐकत होते आणि मग म्हणाले, "गेज लावलंस का?" मी म्हटलं, "बाबा, रिव्हॉल्व्हरमध्ये तर व्यवस्थित जातात ना." "ते नाही विचारलं मी. मोजलंस का? आणि अडतंय अडतंय म्हणतोयस, नेमकं कुठे अडतंय? दर वेळी त्याच जागी?"

खरं सांगायचं तर मी बघितलंच नव्हतं. अडलं की शिव्या घालून मोकळं करायचं आणि पुढे जायचं. पुढच्या वेळी वही नेली आणि दर वेळी लिव्हर कुठे थांबला ते लिहिलं, आणि तिथे सगळा गुंता सुटायला लागला, कारण माझा एक प्रॉब्लेम नव्हता, तीन होते, एकमेकांत मिसळलेले. म्हणून म्हणतो, बाकी काही करायच्या आधी लिव्हर कुठे अडतो ते बघा.

तपासणी कशी करायची तेही सांगतो. जिवंत काडतुसांनी घरात लिव्हर मारून बघू नका, कधीच नाही. डमी बनवा. प्रायमर (बुडाला बसणारी, ठोका बसला की पेटणारी टोपी) नाही, पावडर नाही, नुसती पुंगळी आणि गोळी, बाकी सगळं नेहमीसारखं, त्याच डायमधून (काडतूस घडवायच्या साच्यातून) काढलेलं. पुंगळीला आडवं भोक पाडा म्हणजे लांबूनही ओळखू येईल. मी दहा बनवली. डमी चालवताना खोलीत एकही खरं काडतूस ठेवायचं नाही, आणि तरीही नळीचं तोंड सुरक्षित बाजूलाच. रेंजवर खरं काडतूस अडलं तर नळी टार्गेटकडेच ठेवून, चापावरचं बोट काढून, हळूहळू मोकळं करा. लिव्हरवर जोर नको, ठोकाठोकी नको आणि स्क्रूड्रायव्हर तर प्रायमरच्या जवळपासही नको.

आता जागा.

लिव्हर पूर्ण उघडतच नाही, शेवटचा इंचभर राहतो. याचा अर्थ बहुतेक वेळा काडतूस लांब आहे. ९२ मध्ये, म्हणजे या १८९२ च्या पॅटर्नमध्ये, लिव्हर उघडण्याच्या शेवटच्या टप्प्यात कॅरियर वर उचलला जातो, काडतूस जास्त लांब असलं की ते कॅरियरमध्ये मावत नाही, मग वर कसं येणार. .३५७ मॅग्नमची पूर्ण लांबी जास्तीत जास्त १.५९० इंच, हा स्टँडर्ड आकडा आहे. मी ५० मोजली तर १.५७० पासून १.६०४ पर्यंत सापडली! रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये पुढे जागा शिल्लक असते म्हणून तिथे कळलंच नव्हतं. एल्मर कीथच्या डिझाइनच्या लांब नाकाच्या गोळ्या वापरणाऱ्यांना हे माहीतच असेल, ती गोळी तिच्या क्रिंपच्या खाचेत (जिथे पुंगळीचं तोंड आत वळवतात) बसवली की .३५७ च्या पुंगळीत लांबी १.५९० च्या पुढे जाते, काही रिव्हॉल्व्हरमध्येसुद्धा जात नाही. १८७३ च्या पॅटर्नची रायफल असेल तर अजून नाटकं, तिथे चौकोनी ठोकळा एकच काडतूस पोटात घेऊन वर जातो, लांब झालं तर ठोकळा हलत नाही आणि फारच आखूड झालं तर मॅगझिनमधलं पुढच्या नंबरचं काडतूस थोडं आत डोकावून त्याला अडवतं. म्हणजे दोन्हीकडून मार.

माझ्या लांबीत एवढा फरक का होता? गोळीवरचं मेण. शिशाच्या गोळीला लावलेलं वंगण बसवायच्या डायमधल्या दांड्याच्या टोकाला साठत जातं, त्यामुळे हळूहळू प्रत्येक गोळी आधीच्यापेक्षा खोल बसते, मग मला कधीतरी लक्षात आलं की आखूड होतायत म्हणून मी डाय वर घेतला, मग मध्येच त्या मेणाचा गोळा सुटून पडला आणि पुढच्या सगळ्या लांब. असा कारभार. आता दर ५० ला दांडा काढून पुसतो आणि दर दहाव्याला कॅलिपर लावतो.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगतो. लांबी कमी करायची म्हणून गोळी सरळ अजून खोल दाबायची असं करू नका. पुंगळीतली जागा कमी झाली की त्याच पावडरला प्रेशर वाढतं, आणि .३५७ ची मर्यादा मुळात ३५,००० पीएसआय आहे, खेळ नाही. गोळी बदलली किंवा बसवायची खोली बदलली तर डेटा परत पुस्तकातून बघायचा, सुरुवातीच्या चार्जपासून. मी इथे पावडरचे आकडे मुद्दाम लिहीत नाहीये, कोणाच्याही पोस्टमधून चार्ज घेऊ नका, माझ्याही नाही.

दुसरी जागा, बंद करताना निम्म्यावर. लिव्हर मागे आणताना बोल्ट (काडतूस पुढे नेणारा मागचा ठोकळा) काडतुसाला पुढे ढकलतो आणि मध्येच ठक्कन थांबतो. डोकावून बघितलं तर गोळीचं नाक चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या, कडेला टेकलेलं. हे बहुतेक गोळीच्या आकाराचं दुखणं. सेमी-वॉडकटरला नाकाच्या मागे धारदार खांदा असतो, कागदावर गोल स्वच्छ भोक पडावं म्हणून, तो खांदा चेंबरच्या ओठाला अडतो. रिव्हॉल्व्हरमध्ये आपण हाताने सरळ घालतो म्हणून प्रश्न येत नाही. रायफलमध्ये काडतूस तिरकं वर येतं.

आणि यात ९२ ची एक गंमत आहे. जॉन ब्राउनिंगने ही रायफल बनवली तेव्हा ती .४४-४० वगैरे काडतुसांसाठी होती, ती थोडी निमुळती, मानेशी बारीक होणारी, चपट्या नाकाची, चेंबरमध्ये आपोआप घरंगळत जाणारी. .३५७ मॅग्नम आलं १९३५ मध्ये, म्हणजे डिझाइननंतर ४३ वर्षांनी, आणि तेही रिव्हॉल्व्हरसाठी. सरळ नळकांडं, निमुळतेपणा नाही, चुकीला माफी नाही. म्हणजे मूळ डिझाइनमध्ये खोट नाहीये, आपण जावयाला दुसऱ्याचाच सदरा घातलाय आणि वर बटण का लागत नाही म्हणून शिंप्याला शिव्या देतोय.

उपाय सोपा, खांदा नसलेली चपट्या नाकाची गोळी घ्यायची, कडेने गोलाई आणि पुढे सपाट. मी त्याच वजनाची घेतली, डेटा परत बघितला. निम्म्यावरचं अडणं त्याच दिवशी बंद. पण चपटं नाक हवं म्हणजे हवंच, टोकदार चालणार नाही. ट्यूब मॅगझिनमध्ये एका काडतुसाचं नाक पुढच्याच्या प्रायमरला टेकलेलं असतं, टोकदार कडक गोळी असेल तर धक्क्याने मॅगझिनच्या आतच बार उडू शकतो. हॉर्नडी कंपनीच्या मऊ रबरासारख्या टोकाच्या गोळ्या खास याच कारणासाठी आल्या, पण साध्या टार्गेटसाठी चपटी शिशाची पुरते.

इथे एक कबुली. निम्म्यावर अडण्यातले दोन-तीन प्रसंग माझ्या हाताचे होते. नवी रायफल म्हणून मी लिव्हर असा हळूच लाजत लाजत चालवायचो. तो पूर्ण पुढे, अगदी शेवटच्या टोकापर्यंत जायला हवा आणि तसाच झटक्यात मागे. अर्धवट मारला की काडतूस धड वर येत नाही. नारळ फोडताना जसा एकच घाव घालतो ना, तसं.

आता तिसरी जागा, आणि याच जागेने माझे दोन महिने खाल्ले. काडतूस जवळपास पूर्ण आत जातं, लिव्हर बंद व्हायला दोन-तीन मिलिमीटर उरतात आणि मग ढिम्म. जोर लावला तर बंद होतो (नका लावू). आणि हे दर वेळी नाही, चार-पाचात एखाद्या वेळी. मशीनचा दोष असता तर दर वेळी झालं असतं किंवा एका पॅटर्नने झालं असतं. हे आपलं लहरीवर.

इथे बाबांची दुसरी आयडिया कामी आली. काळा मार्कर घेऊन डमी अख्खी रंगवायची, चेंबरमध्ये घालायची, काढायची, आणि रंग कुठे खरवडलाय ते बघायचं. गोळीवर खरवडलं तर गोळी पुढे नळीच्या आट्यांना लागतेय. पुंगळीच्या तोंडाला खरवडलं तर क्रिंप नीट झालेला नाही. माझं खरवडलं होतं तोंडाच्या जरा खाली, गोल बांगडीसारखं. तिथे मोजलं तर .३८२, .३८३ इंच. असायला हवं जास्तीत जास्त .३७९. म्हणजे पुंगळीला तिथे फुगवटा आलाय, डोळ्याला दिसत नाही पण बोट फिरवलं की लागतो.

फुगवटा का, तर क्रिंप. पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत आत वळवतो त्याला क्रिंप म्हणतात, हे रीलोडिंगवाल्यांना सांगायला नको. पण डाय सेट करतो एका पुंगळीवर आणि बाकीच्या त्याच लांबीच्या आहेत असं धरून चालतो. माझ्या वेचलेल्या पुंगळ्या, कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या, किती वेळा वापरलेल्या देव जाणे. सगळ्या मोजल्या. .३५७ च्या पुंगळीची कमाल लांबी १.२९० इंच, कापायची ती साधारण १.२८० ला. माझ्याकडे १.२७१ पासून १.२९० पर्यंत पूर्ण वरात होती. डाय सेट केलेला मधल्या पुंगळीवर. म्हणजे जी लांब आहे तिच्यावर डाय जास्त दाबणार, तोंड वळून संपलं की उरलेला दाब जाणार कुठे, भिंत बाहेर फुगणार. आणि लांब पुंगळ्या माझ्या डब्यात साधारण पाचात एक. तिथे मला माझ्या "दर चौथ्या-पाचव्या" चं उत्तर मिळालं आणि मी रात्री साडेअकराला गॅरेजमध्ये एकटाच हसलो.

पण खरा घाम फुटला तो आखूड पुंगळ्यांचा विचार केल्यावर. लांबला जास्त क्रिंप, मग आखूडला? जवळपास काहीच नाही. आणि ट्यूब मॅगझिनमध्ये ते रिव्हॉल्व्हरपेक्षा वाईट. रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्याने गोळी पुढे सरकायला बघते, सिलिंडर अडतो, फार तर फिरत नाही. ट्यूबमध्ये उलटं, पुढून स्प्रिंगचा दाब आणि वर प्रत्येक बारचा धक्का, गोळी पुंगळीत आत ढकलली जाते. आणि आत गेली की काय, वर लिहिलंय ना, प्रेशर. म्हणजे माझी जी काडतुसं अडत होती ती निदान ओरडून सांगत होती, जी गुपचूप चालत होती त्यातली काही जास्त धोक्याची होती.

तपासायचं कसं, तर एका काडतुसाची लांबी मोजून त्याच्या बुडाला मार्करने खूण करायची, ते मॅगझिनमध्ये सगळ्यात आधी भरायचं म्हणजे ते सगळ्यात शेवटी राहतं, वरचे सात-आठ बार काढायचे आणि मग ते न उडवता बाहेर काढून परत मोजायचं. मी आखूड पुंगळीचं एक असं तपासलं, १.५७८ चं १.५६० झालं होतं. त्या दिवशी रेंजवरून तसाच घरी आलो आणि त्या बॅचची उरलेली सगळी, दीडशेच्या वर, हातोडीसारख्या पुलरने एक एक फोडली. ठक ठक ठक, दोन संध्याकाळ. मुलीने विचारलं, बाबा काय फोडताय, म्हटलं अक्कल.

आता पद्धत अशी आहे. पुंगळ्या आधी साइज करायच्या (डायमधून काढून मूळ मापाला आणायच्या), मग सगळ्या मोजायच्या, लांब असलेल्या १.२८० ला कापायच्या, १.२७५ च्या खालच्या वेगळ्या डब्यात, त्यांची बॅच वेगळी आणि क्रिंपचं सेटिंगही वेगळं. तोंड जरासंच उमलवायचं, गोळी बसताना शिसं खरवडलं जाणार नाही इतपत. गोळी बसवणं आणि क्रिंप करणं दोन वेगळ्या डायमध्ये, दोन वेगळ्या खेपांत, कारण एकाच वेळी केलं तर गोळी अजून खाली जातेय आणि तोंड आधीच आवळतंय अशी ओढाताण होते. काही लोक म्हणतात शेवटी कार्बाइड रिंगवाला क्रिंप डाय मारा, फुगवटा दाबून निघतो. निघतो, खरंय, मीही वापरून बघितला. पण शिशाची गोळीसुद्धा त्यात आवळून बारीक होऊ शकते, मग ती नळीत नीट धरत नाही आणि नळीत शिसं चिकटतं. मला ते गळक्या नळाखाली बादली ठेवल्यासारखं वाटतं. मुळात फुगवटा येऊच नये ना.

तिसऱ्या जागेचं अजून एक कारण आहे जे माझं नव्हतं पण माझ्या मित्राच्या रायफलचं निघालं. तो स्वस्तात पडतं म्हणून .३८ स्पेशल (हे आखूड काडतूस .३५७ च्या रायफलमध्येही चालतं) भरपूर मारायचा. .३८ ची पुंगळी १.१५५ इंच, .३५७ पेक्षा जवळजवळ .१३५ ने आखूड, त्यामुळे तिच्या तोंडापुढे चेंबरमध्ये काजळी आणि शिशाचा कडा जमतो, मग .३५७ घातलं की ते त्या कड्याला अडतं. जोराने बंद केलं तर तो कडा पुंगळीचं तोंड आवळून धरतो आणि बार उडताना ते नीट उघडत नाही, म्हणजे परत प्रेशर. पितळी ब्रश आणि सॉल्व्हंटने चेंबर घासलं की संपलं. आधी हे बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि लिव्हर बंद होतो, घोडा पडतो, नुसतंच टक्, फुसका बार? नळी टार्गेटकडे धरून निदान ३० सेकंद थांबा, मग काढा. प्रायमर पूर्ण खोल बसलेला नसला की पहिला ठोका त्याला बसवण्यातच जातो, दुसऱ्यांदा उडतो. बोट फिरवून बघा, प्रायमर बुडाच्या जरासा आत हवा, वर अजिबात नको. ट्यूबमध्ये वर आलेला प्रायमर किती वाईट ते वेगळं सांगायला नको.

गेल्या शनिवारी नव्या बॅचची १०० घेऊन गेलो. खूण केलेलं काडतूस तीनदा मोजलं, लांबी हलली नाही. १०० मध्ये एकदा अडलं, सदतिसाव्याला, निम्म्यावर, आणि ते माझ्याच हाताने, शेजारी कोणीतरी बोलायला आलं आणि लिव्हर अर्धाच मारला. वहीचा फोटो बाबांना पाठवला. त्यांचा रिप्लाय आला, "तारीख टाकली नाहीस. पुंगळ्यांचा लॉट कुठला ते पण लिही."

सेमी-वॉडकटर गोळ्या साधारण चारशे उरल्यात, त्या आता रिव्हॉल्व्हरच्या डब्यात, वर लाल स्केचपेनने लिहिलंय, रायफलला नाही.